आईचा वर्ग मी घ्यावा का?

"मावशी, जय ख्रिस्त. मी कळव्याला राहते, वय ४६, नोकरी ऐरोलीला. माझी आई गेल्या पावसाळ्यात प्रभूकडे गेली. ठाण्याच्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिनं ३४ वर्षं संडे स्कूल चालवलं. रविवारी उपासनेआधी तासभर वर्ग आणि मे महिन्यात दहा दिवस व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. दफनाला इतकी माणसं आली की निम्मी आमच्या ओळखीचीही नव्हती. एक रिक्षावाला आला, एक नर्स आली, एक जण दुबईहून व्हिडिओ कॉलवर रडत होता. सगळे एकच सांगत होते, बाईंनी आम्हाला सांभाळलं. मला अभिमान वाटला. आणि लिहायला लाज वाटते, पण रागही आला. माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी रविवार होता आणि मला ताप भरला होता. आई कपाळावर ओली पट्टी ठेवून वर्गाला निघून गेली. म्हणाली, 'मुलं वाट बघत असतील.'

पाळकसाहेबांनी दफनाच्या वेळी बायबलमधल्या तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यावर संदेश दिला. आता ते म्हणतात, आईची जागा तूच घे. सगळी मंडळी तेच म्हणते. पण माझा विश्वास आईसारखा नाही. उपासनेला जाते, गीतं म्हणते, पण प्रार्थनेला डोळे मिटले की आत काहीच हलत नाही. त्यात आमची इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे, दिवाळीच्या आत खोली रिकामी करायची आहे. माळ्यावर आईची पत्र्याची पेटी आहे. तिच्यात फ्लॅनेल बोर्डावर, म्हणजे लवदार कापडाच्या फळ्यावर, लावायची गोष्टींची चित्रं आणि वर्गाच्या ३४ वह्या आहेत. भाऊ म्हणतो, रद्दीत दे. मी अजून एकही वही उघडलेली नाही. माझी ११ वर्षांची मुलगी सारखी विचारते, आजीचा वर्ग आता कोण घेणार? हो म्हटलं तर खोटेपणा होईल, नाही म्हटलं तर आईलाच नाही म्हटल्यासारखं वाटेल. काय करू?"

जय ख्रिस्त, पोरी.

आधी उत्तर देते, बोलणं मग. पाळकसाहेबांना नाही सांग. निदान वर्षभर तरी त्या जागेवर उभी राहू नकोस. पेटी मात्र रद्दीत जाता कामा नये, आणि वह्या तर नाहीच नाही.

आता त्या तापाच्या रविवारबद्दल. पत्रात तू त्याला चार ओळी दिल्यास, पण बाकीचं सगळं पत्र त्याच्याभोवतीच फिरतंय. तीस वर्षं झाली असतील त्याला. त्या दिवशी तुझी आई चुकली. तुला हे लिहवलं नाही म्हणून मी लिहिते. एखाद्या रविवारी वर्गातल्या मुलांना महिला मंडळातल्या कोणीही गोष्ट सांगितली असती. तापलेल्या लेकीला आईच लागते. आता यावरून ती वाईट आई होती असं कोणी म्हणायला आलं, तर मी भांडेन. मी अशाच बायांमध्ये वाढले, माझी आईही त्यांच्यातलीच. भाजी चिरताना तोंडानं वचन घोकायचं, चादरीत गुंडाळलेला बोर्ड काखेत मारायचा, दुसऱ्या हातात बिस्किटांच्या पुड्यांची पिशवी, आणि टीएमटी बसच्या गर्दीत तो बोर्ड वाकू नये म्हणून स्वतः वाकडं उभं राहायचं. या बायांचा एक हिशेब असायचा. बाहेरचं पोर एक रविवार चुकलं तर सुटलंच म्हणायचं, आपलं पोर कुठं जातंय? आपलं पोर खरंच कुठं जात नाही. ते घरातच असतं आणि घरातच वाट बघतं. हिशेब तिथं चुकायचा.

सुझाना वेस्लीचं नाव तू संदेशात कधीतरी ऐकलं असशील. जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई. ख्रिस्ती धर्मातली मेथडिस्ट चळवळ जॉननं सुरू केली आणि चार्ल्सची गीतं जगभर गायली जातात, म्हणून आईचंही नाव राहिलं. इंग्लंडमधल्या एपवर्थ गावात नवरा पाळक, घरात कायमची ओढाताण, पदरी १९ बाळंतपणं. त्यातली ९ मुलं तान्हेपणीच गेली. १७११-१२ च्या हिवाळ्यात नवरा कामासाठी लंडनला होता, तेव्हा ती रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात आपल्या मुलांना आणि घरच्या नोकरांना बसवून वाचून दाखवायची. शेजारचे येऊ लागले, मग शेजाऱ्यांचे शेजारी, आणि बघता बघता दोनशेपर्यंत माणसं जमायला लागली. म्हणजे परक्यांची गर्दी तिच्याही घरात होती. तुझ्या आईच्या वर्गाएवढी नव्हे, त्याच्या कितीतरी पट.

पण त्याच बाईनं घरातल्या प्रत्येक मुलाला आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून दिलेली होती. त्या वेळात त्या एका मुलाशीच बोलायचं. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. रविवारच्या वाट्याला दोन मुली होत्या, त्यांना तो वाटून घ्यावा लागे. जॉन पुढं ऑक्सफर्डला गेला, तिथं शिकवू लागला, आणि तिथून त्यानं आईला पत्र लिहून काय मागावं? पूर्वी गुरुवारी संध्याकाळी मला देत होतीस तो थोडासा वेळ आताही देता आला तर बघ, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. एवढा विद्वान मुलगा, आणि मागतोय काय, तर लहानपणीचा गुरुवार.

तुला तुझा गुरुवार मिळाला नाही. दफनाच्या दिवशी त्या रिक्षावाल्याच्या तोंडून आईबद्दल ऐकताना तुझ्या पोटात जे ढवळलं, ते हेच. त्याला मिळाला आणि मला नाही. यात लाज कसली? ही तहान आहे. आणि ती त्या रिक्षावाल्यावर काढायची नाही हे तुला कळतंय, म्हणूनच तर तू पत्र लिहिलंस.

काही माणसं तुला सांगतील की आईनं तुलाही भरपूर दिलं, तुझ्या लक्षात आलं नाही एवढंच. असेलही. मी ते इथं बसून सांगू शकत नाही. ते वह्यांमध्ये बघ, वह्यांबद्दल पुढं लिहिते.

संदेशाचं बोलते. पाळकसाहेबांचा हेतू चांगलाच असणार, मंडळीत वर्ग घ्यायला माणूस मिळत नाही हे मला पुरतं ठाऊक आहे. पण ते वचन पूर्ण वाच. प्रेषित पौल आपल्या तरुण साथीदाराला, तीमथ्याला, लिहितो की तुझ्यात जो निष्कपट विश्वास आहे तो आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्यात होता. दुसरं तीमथ्य, पहिला अध्याय, पाचवं वचन. बहुतेक संदेश तिथं थांबतात. सहाव्या वचनात पौल काय म्हणतो? तुझ्या आईचं काम पुढं चालव, असं नाही म्हणत. तुझ्या स्वतःच्या ठायी जे कृपादान आहे ते पुन्हा चेतव, म्हणतो. युनीके लुस्त्रा गावाच्या भागातली, नवरा ग्रीक, तिनं घरात बसून पोराला शास्त्र शिकवलं. त्या पोराला पौलानं इफिस शहरात ठेवलं, मंडळी सांभाळायला. आईची खुर्ची त्याला कोणी दिली नाही. मग तुलाच का द्यावी?

आणि वारसा रक्तानंच जातो हे कोणी ठरवलं? मी पाळकसाहेबांच्या जागी असते तर त्या नर्सला विचारलं असतं. रिक्षावाल्याला विचारलं असतं की बाबा, महिन्यातले दोन रविवार देशील का? ज्यांना तुझ्या आईनं सांभाळलं, ती तिची गोष्ट तिच्यापेक्षाही चांगली सांगतील, कारण ती त्यांनी त्या सतरंजीवर खाली बसून ऐकली आहे. नाही म्हणायला जाशील तेव्हा ही दोन नावं घेऊनच जा. नुसतं नाही म्हणून परत आलीस, तर पुढच्या रविवारी पुन्हा तुलाच धरतील.

हे मी एवढं ठासून का सांगते, तर मी हो म्हटलं होतं. माझी आई गेली तेव्हा मी ३८ वर्षांची होते. महिन्याच्या आत तिचा वर्ग घेतला. तिचाच बोर्ड, तिचीच चित्रं, तिच्याच आवाजात चढउतार. हरवलेल्या मेंढराची गोष्ट ती जिथं थांबायची तिथंच मी थांबायचे. तीन वर्षं चाललं. एके दिवशी पुढं बसलेला आठेक वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्हाला ही गोष्ट आवडत नाही ना?" इतक्या साधेपणानं म्हणाला की मला खोटं बोलताच आलं नाही. मला गोष्ट आवडत होती. पण मी ती सांगत नव्हते, आई सांगतेय असं स्वतःला भासवत होते, आणि ते त्या पोराला कळलं. पुढच्या जूनमध्ये वर्ग एका तरुण मुलाकडे गेला. तो बोर्ड वापरत नसे, मुलांनाच मेंढरं करून बाकांखाली लपवायचा. आईला ते आवडलं नसतं. मुलांना फार आवडायचं.

म्हणून प्रार्थनेत शब्द सापडत नसताना तू मुलांपुढं उभी राहू नकोस. मुलांना उत्तरं कच्ची असली तरी चालतात, खोटी चालत नाहीत.

विश्वास आईसारखा नाही, म्हणजे आईचं काही उरलंच नाही, असं मात्र समजू नकोस. पंडिता रमाबाई आठव. त्यांची आई लक्ष्मीबाई स्वतः नवऱ्याकडून संस्कृत शिकलेली. तीर्थयात्रांच्या वाटेवर, रानावनात, ती पहाटे या लहान मुलीला जवळ घेऊन, लाडानं उठवून, पाठ शिकवायची. पुस्तक नाही, आईचं तोंड हेच पुस्तक. ती आई दुष्काळात, उपासमारीनं गेली. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला, आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. आईनं शिकवलेले पुराणांचे पाठ एकीकडे राहिले, मुलगी वेगळ्या वाटेनं गेली. आणि तरी उतारवयात त्यांनी केडगावला काय केलं? सगळ्या बायबलाचं मराठी भाषांतर, साध्या बाईला वाचून कळावं अशा मराठीत. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून पुरं झालं. मी ते उघडते तेव्हा मला त्यात रमाबाईंपेक्षा त्या रानातल्या लक्ष्मीबाई ऐकू येतात. धर्म आईचा राहिला नाही. बाईमाणसाला शास्त्र समजलं पाहिजे, तिच्या तोंडी रुळलं पाहिजे, हे आईचंच.

तुझ्यात आईचं काय आलंय, ते तुला वर्षभरात दिसेल. घाई नाही. त्या वर्षात एकच काम करायला सुचवते, तेही जमलं तर. आपल्या मंडळ्यांमधली बहुतेक पोरं आता इंग्रजी माध्यमात जातात. घरी मराठी बोलतात, पण वचन वाचायला दिलं की जोडाक्षरावर अडखळतात. 'ख्रिस्त' आणि 'पुनरुत्थान' हे शब्द दहा वर्षांच्या मुलाला वाचता येत नाहीत, मग ती पाठांतर इंग्रजी अक्षरांत लिहून करतात. संडे स्कूल मुळात वाचायला शिकवणारी शाळा होती हे आपण विसरलो. रॉबर्ट रेक्सनं १७८० साली ग्लॉस्टरमध्ये ती सुरू केली तेव्हा तिथली गरिबांची पोरं आठवडाभर टाचण्यांच्या कारखान्यांत राबायची, रविवार तेवढा मोकळा. त्यांना अक्षरं शिकवायची, बायबल हाच धडा. तुला वर्गाआधी पंधरा मिनिटं दोन मुलांना शेजारी घेऊन वाचायला शिकवता येईल. बोटाखाली ओळ धरायची आणि त्यांच्याकडून वाचून घ्यायचं. त्याला डोळे मिटावे लागत नाहीत, आणि त्यात खोटं काही नाही.

वर्ग जो कोणी घेईल त्याला माझ्याकडून दोन गोष्टी सांग. खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं. आपल्या आयांनी एकटीच्या बळावर वर्ग चालवले, त्यांच्या मनात काही नव्हतं, पण मुलांची सुरक्षितता कोणाच्या भल्या मनावर सोडायची नसते. २०१२ चा पोक्सो कायदा आहे, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीत मिटवून चालत नाही. दुसरं, मे महिन्यातल्या व्हीबीएसला शेजारपाजारची, दुसऱ्या धर्मांची मुलंही खेळायला, गाणी म्हणायला येतात. त्यांच्या आईवडिलांना आधी भेटायचं, इथं काय शिकवतो ते स्पष्ट सांगायचं आणि त्यांची लेखी संमती घ्यायची. पूर्वी कोणी विचारत नसे. तेव्हाही विचारायला हवं होतं. दुसऱ्याच्या लेकराला त्याच्या आईला न सांगता काही शिकवणं मला पटत नाही, येशूबद्दल असलं तरीही.

आता पेटी. पावसाळाभर माळ्यावर पत्र्यात बंद आहे म्हणजे आतल्या कागदाला कसर आणि बुरशी लागलेली असण्याची शक्यता आहे. आणली की उन्हात मांडू नकोस, रंग उडतील. पंख्याखाली, सावलीत, दोन दिवस पसरून ठेव. वह्यांची पानं मऊ ब्रशनं झाड. चित्रांच्या मागची बाजू बघ. आपल्याकडे बाया मागं पॉलिशपेपरचा नाहीतर जुन्या फ्लॅनेलचा तुकडा चिकटवायच्या, त्यानंच चित्र बोर्डाला धरून राहतं. तो डिंक सुटला असेल तर पुन्हा लाव. बोर्डाचं कापड गुळगुळीत झालं असेल तर कपडे घासायच्या कोरड्या ब्रशनं उलट दिशेनं घास, लव पुन्हा उभी राहते. पाण्यात घालू नकोस. चित्रं वर्गाला देऊन टाक, ती वापरानंच टिकतात. एक मात्र ठेव, कुठलं ते मुलीला निवडू दे.

वह्या कोणालाही देऊ नकोस. मंडळीच्या ग्रुपवर फोटो टाकायचा मोह होईल, टाकू नकोस. माझ्या आईच्या वहीत नुसती हजेरी नव्हती. नावापुढं बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: डाव्या कानानं कमी ऐकतो, पुढं बसवणे. बाप पिऊन मारतो, घरी जाऊन आईला भेटणे. चप्पल नाही. आज हिचा वाढदिवस, घरी कोणाच्या लक्षात नाही. तो कमी ऐकणारा मुलगा आज पन्नाशीचा असेल. त्याच्या बापाबद्दल काय लिहिलं होतं, हे चारचौघांनी वाचायचं कारण नाही. तुझ्या आईच्या वह्या अशा असतील की नसतील, मला माहीत नाही. पण दुबईहून रडणारा माणूस गोष्टींसाठी रडत नसावा. गोष्टी कुठंही ऐकायला मिळतात. तो त्याच्या नावापुढच्या बारीक अक्षरांसाठी रडत असेल.

वह्या एकटीनं उघडू नकोस. मुलीला घेऊन बस. ती विचारतेय आजीचा वर्ग कोण घेणार, तर तिला खरं सांग, की मी नाही, आणि का नाही ते. तापाचा रविवारही सांग. अकरा वर्षांच्या मुलीला कळतं. आजी देवमाणूस होती एवढंच ऐकत मोठी झाली, तर एक दिवस तीही तुझ्यासारखं पत्र लिहायला बसेल. ऐरोलीची नोकरी आहे, घरी पोचायला उशीर होत असणार, पण आठवड्यातला एक वार तिच्या नावानं काढ. गुरुवारच हवा असं नाही. त्या दिवशी फोन बाजूला, टीव्ही बंद, आणि पहिले काही आठवडे या वह्याच. रोज एक नको, आठवड्याला एकच. ३४ आठवडे पुरतील.

तुझ्या वयाचा हिशेब धरला तर पहिल्या काही वह्यांत तुझंही नाव असणार, तूही त्या सतरंजीवर बसलीच असशील ना? दहावीच्या वर्षाची वही नीट बघ. मार्चचा तो रविवार शोध. कदाचित तुझ्या नावापुढं काहीतरी लिहिलेलं असेल. कदाचित नुसती गैरहजेरीची फुली असेल. फुलीच निघाली, तर मला पुन्हा लिही. त्याचं काय करायचं ते आपण मग बघू.

तुझी,
मावशी